वॉन्टन सूपचं पाणी नितळ कसं ठेवायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त काही वर्षं हाँगकाँगला होतो, तिथे वॉन्टन सूपची (सारण भरलेल्या चिनी पुरचुंड्यांच्या सूपची) चटक लागली. आता ठाण्यात आलोय. सारण जमतं, फ्रोझन पाऱ्या मिळतात, घोडं अडलंय ते पाण्यावर. मला कॉर्नफ्लोअर लावलेलं मंचाव नकोय. तिकडे वाडग्यात तळाशी चमचा, त्यावर वॉन्टन, त्यावर नूडल्स असं रचतात आणि वरून कोऱ्या चहासारखं सोनेरी, पारदर्शक पाणी ओततात. नाकाला आधी भाजलेल्या सुक्या मासळीचा वास येतो, मागून पांढऱ्या मिरीचा.

माझ्याकडे चिकनची हाडं, आलं आणि पातीचा कांदा कुकरला लावला की दुधट, गढूळ पाणी निघतं. वर तेलाचा तवंग आणि चव सपक. तिथे यात डुकराची हाडं, वाळवलेला फ्लाउंडर मासा आणि कोलंबीची वाळवलेली गाबोळीही घालतात. बाबा पोर्क खात नाहीत, त्यामुळे डुकराची हाडं आणि जिनह्वा हॅम (डुकराची खारवून सुकवलेली चिनी मांडी) दोन्ही बाद. फ्लाउंडर इथे कुठे मिळायचा? सुके बोंबील चालतील का? आणि कुकरला पर्याय नसेल तर काय करू?

---

पांढरा_रस्सा: मटणाचं अळणी करतो तेव्हा आपल्याला गढूळपणा चालतो, इथे चालत नाही, एवढाच फरक. हाडं थंड पाण्यात घाला आणि उकळी येऊ द्या. राखाडी फेस वर आला की पाच मिनिटांनी ते पाणी सरळ मोरीत ओता. मग एकेक हाड नळाखाली धरून चोळा. पाठीच्या कण्याच्या खाचेत काळपट रक्ताच्या गुठळ्या असतात, त्या अंगठ्याने खरवडून काढा. निम्मा गढूळपणा तिथूनच येतो. पातेलंही घासून घ्या.

आता पुन्हा थंड पाणी, किलोभर हाडांना साधारण दोन लिटर. एकदा उकळी दिसली की गॅस अगदी बारीक. कडेने एखाददुसरा बुडबुडा, बास. खळखळून उकळलं की चरबीचे बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतात, मग कितीही गाळा, पाणी पांढरंच राहतं. (चिनी लोक पांढरं सूप हवं असतं तेव्हा मुद्दाम असंच उकळतात.) झाकण अर्धवट, अडीच-तीन तास. मीठ शेवटी. चिकनवाल्याकडून चार-पाच पंजे मागून घ्या, नखं छाटून घाला, पाण्याला अंग येतं. छातीचे तुकडे घालून पैसे वाया घालवू नका.

शिट्टीबहाद्दर: कुकरला उगाच नावं ठेवू नका हो. दाब टिकून असतो तोवर आतलं पाणी फारसं उसळत नाही. शिट्टी होते तेव्हा दाब एकदम पडतो आणि सगळं ढवळून निघतं. दाब धरला की गॅस इतका कमी करा की शिट्टी होणारच नाही. पाऊण तास ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या, शिट्टी उचलायची नाही. हाडं आधी धुवायची हे मात्र बरोबर.

कोळीवाड्यातली: बोंबील नको! त्याचा वास बाकी सगळ्यावर बसेल. सोडे (सोलून सुकवलेली कोलंबी) घ्या, चांगले लालसर आणि कोरडे. मूठभर सोडे कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतून शेवटच्या अर्ध्या तासात घाला. फ्लाउंडर चपटा मासा, आपला लेपही चपटाच. सुका लेप मिळाला तर निखाऱ्यावर किंवा जाळीवर काटा तपकिरी होईतो भाजा, तुकडे करा, मलमलच्या पुरचुंडीत बांधून सोडा. करपला तर पाणी कडू होईल, तेव्हा लक्ष ठेवा. डिट्टो हाँगकाँग होणार नाही, पण घरच्यांना फरक कळणार नाही.

पुडाँगकर: इकडे शांघायला घरोघरी इतका खटाटोप कोणी करत नाही. छोट्या वॉन्टनसाठी वाडग्यात चिमूटभर वाळलेला जवळा, समुद्री शेवाळाचा तुकडा, अंड्याच्या पातळ धिरड्याच्या पट्ट्या, मीठ, तिळाच्या तेलाचे दोन थेंब, आणि वरून उकळता स्टॉक. नुसतं गरम पाणी ओतलं तरी भागतं. जवळा तर तुमच्याकडे कुठल्याही मासळी बाजारात मिळेल. आणि एक, वॉन्टन कधीही त्या स्टॉकमध्ये शिजवू नका. पाऱ्यांवरचं सुकं पीठ सुटतं आणि तीन तासांची मेहनत एका मिनिटात गढूळ. वेगळ्या पातेल्यात उकडून झाऱ्याने काढा.

गाडीवरचा_चायनीज: चिमूटभर अजिनोमोटो टाका आणि मोकळे व्हा. 😀

पांढरा_रस्सा: टाका की, पाप नाही. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हा चव आणणारा घटक वेगळा काढला, तेच हे. पण त्याला जोड लागते. हाडांना चिकटलेल्या मांसात आणि सुक्या मासळीत इनोसिनेट हा तसाच दुसरा घटक असतो, दोन्ही एकत्र आली की चव कितीतरी पटींनी खुलते. नुसत्या पाण्यात टाकून ती मजा नाही.

---

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार! रविवारी पातेल्यातच करतो, कुकर पुढच्या वेळी. तवंगाचं काय करायचं? आणि सोडे आधी भिजवले तर ते पाणी ओतून द्यायचं का?

कोळीवाड्यातली: अजिबात नाही, चव त्यातच आहे. वरचं वरचं नितळ पाणी सूपमध्ये घाला, तळाची रेती तेवढी टाका. मात्र परतायचे असतील तर भिजवू नका. तवंगासाठी स्टॉक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी चरबीची चकती उचलता येते. ती फेकू नका, वॉन्टनच्या सारणात चमचाभर घाला, चिकन कोरडं पडत नाही.