८ वर्षांच्या मुलीला चष्म्याचा नंबर हळू वाढावा म्हणून अ‍ॅट्रोपिनचे थेंब सुरू करू का? अनुभव असेल तर प्लीज सांगा

नमस्कार, आम्ही कोथरूडला राहतो. लेक तिसरीत आहे. मागच्या जूनमध्ये बाईंचा निरोप आला की ही फळ्यावरचं न बघता शेजारणीच्या वहीतून उतरवते, तपासलं तर दोन्ही डोळ्यांना मायनस १.२५. चष्मा केला, पोरीने पहिल्या दिवसापासून शहाण्यासारखा लावला, आणि आता वर्षभराने परत दाखवलं तर २.२५! डॉक्टरांनी अ‍ॅट्रोपिन ०.०१ टक्के लिहून दिलंय, रोज रात्री झोपताना एकेक थेंब, निदान दोन वर्षं. बाहेर इतकी गर्दी होती की मला धड काही विचारताच आलं नाही. चिठ्ठी आठ दिवस पर्समध्ये आहे, अजून औषध आणलेलं नाही.

माझी भीती वेगळी आहे. मला स्वतःला मायनस ८ आहे. तीन वर्षांपूर्वी अचानक डोळ्यासमोर काळे ठिपके आणि कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं, पडद्याला भोक पडलं होतं, त्याच दिवशी लेझर करावं लागलं. तेव्हा कळलं की मोठा मायनस म्हणजे नुसता जाड चष्मा नाही, डोळा मागे लांब होत जातो आणि पडदा ताणून पातळ होतो. सगळे म्हणतात मोठी झाली की लेझरने नंबर घालवू, पण त्याने चष्मा जातो, ताणलेला पडदा तसाच राहतो ना. तिच्या वाट्याला ते येऊ नये एवढंच मला हवंय.

वाचलं तेवढं वाचलं आणि आणखीनच गोंधळ झाला. सिंगापूरच्या २०१२ च्या अभ्यासामुळे ०.०१ सगळीकडे सुरू झालं, दिल्लीच्या एम्समध्येही त्याने फरक दिसला. मग २०१९ मध्ये हाँगकाँगला ४ ते १२ वर्षांच्या ४३८ मुलांवर बघितलं तर वर्षात औषध नसलेल्या साध्या थेंबांवर नंबर सरासरी ०.८१ ने वाढला, ०.०१ वर ०.५९ ने आणि ०.०५ वर फक्त ०.२७ ने. आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात ०.०१ चा काहीच फायदा दिसला नाही. मग आम्हाला ०.०१ च का? थेंब बंद केले की नंबर उसळतो म्हणतात ते खरंय का? शाळेत उन्हाचा त्रास होतो का? सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोरीच्या डोळ्यात रोज औषध नको, मोकळ्या हवेत खेळू दे. त्यांचंही अगदी चूक वाटत नाही मला.

बाणेरचा बाबा: ताई, आमचा मुलगा १० वर्षांचा, अडीच वर्षं थेंब चालू आहेत. आधी ०.०१ होतं, वर्षभरात फारसं थांबलं नाही म्हणून डॉक्टरांनी ०.०५ केलं, त्यानंतर सहा महिन्यांत नंबर तोच राहिला. ०.०५ ला सुरुवातीला ग्राउंडवर डोळे मिचकावायचा, कारण बाहुली थोडी मोठी राहते. उन्हात काळी होणारी काच करून घेतली, टोपी घालतो, आता तक्रार नाही. जवळचं वाचायला त्याला अडचण आली नाही, पण काहींना येते, तेव्हा विचारत राहा.

चष्मेवाली मावशी: मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढते, तुमच्या मुलीला तपासलेलं नाही म्हणून डोस मी सांगणार नाही, तो डॉक्टरांनाच विचारा. पण थेंब सुरू करायच्या आधी दोन गोष्टी करून घ्याच. एक, डोळ्यात औषध घालून नंबर काढलाय का बघा, नाहीतर लहान मुलं डोळ्यावर जोर देतात आणि मायनस जास्त येतो. दुसरं म्हणजे डोळ्याची लांबी मोजून घ्या, बायोमीटर नावाच्या यंत्रावर दोन मिनिटांत होते, दुखत नाही. दर सहा महिन्यांनी तो मिलिमीटरचा आकडा बघितला की औषध लागू पडतंय का ते कळतं. आलेला नंबर थेंबांनी उतरत नाही, वाढ हळू होते फक्त, म्हणून चष्मा लागणारच. आणि बंद केल्यावर उसळतो हे खरं आहे, डोस जास्त आणि मूल लहान असेल तर जास्तच, म्हणून मनाने कधीही थांबवू नका. सासूबाईंचं ऐका, रोज दोन तास उजेडात खेळणं हवंच, पण एकदा नंबर लागल्यावर तेवढ्यावर भागेल असं धरून चालू नका.

धागाकर्ती: दोघांचे खूप आभार. फाइल काढून बघितली, लांबी कुठेच लिहिलेली नाही, आणि मागच्या वेळी औषध घालून तपासलं की नाही तेही मला आठवत नाही. शनिवारची अपॉइंटमेंट घेतली, या वेळी प्रश्न कागदावर लिहून नेतेय. संध्याकाळी सासूबाई तिला हनुमान टेकडीवर नेणार आहेत रोज, त्यांनीच ठरवलं. एकच विचारायचं राहिलं, ती थेंब बघितला की डोळे घट्ट मिटते, काय करू?

बाणेरचा बाबा: आडवं झोपवा, डोळे मिटलेलेच राहू देत. नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब टाका आणि मग उघड म्हणा, आपोआप आत जातो. नंतर तो कोपरा मिनिटभर बोटाने हलकेच दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, महिन्याने आमची आम्ही टाकून देतो, थोडं उरलं असलं तरी.