२०२१ च्या दहावीचे गुण नक्की कसे दिले होते?

सिंहगडरोडकर
मी २०२१ ची दहावी, २०२३ ची बारावी, आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसला एका कंपनीच्या मुलाखतीत माझी दहावीची गुणपत्रिका बघून समोरचे सर म्हणाले, "९१ टक्के, पण हे कोरोनाचे ना? परीक्षा न देता मिळालेले." मी गप्पच बसले, कारण ते गुण आले कुठून हे मलाच धड माहीत नव्हतं. निकालाच्या दिवशी वेबसाइट बंद पडली होती, एवढंच आठवतं. नक्की पद्धत कुणी सांगेल का? आणि पुढच्या मुलाखतीत काय बोलू?

शनिवारपेठ
माझा मुलगा तुमच्या आधीच्या बॅचचा. त्यांचा भूगोलाचा पेपर २३ मार्च २०२० ला होता, तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. बाकीच्या लेखी पेपरांच्या सरासरीवरून ४० पैकी गुण दिले. भूगोल त्याचा हातखंडा विषय, तो अजून हळहळतो. तुमचे तर सगळेच पेपर गेले.

गणिताच्या बाई, हडपसर
मी त्या वर्षी आमच्या शाळेच्या निकाल समितीत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

परीक्षा रद्द झाल्याचं एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झालं. मूल्यमापनाचा शासन निर्णय आला २८ मे ला. दर विषयाला १०० पैकी गुण असे: दहावीतल्या वर्षभराच्या लेखी मूल्यमापनाचे ३०, गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेंचे २० आणि नववीच्या निकालावरून ५०. मुख्याध्यापक अध्यक्ष असलेली सात जणांची समिती हे सगळं तपासायची आणि मग गुण मंडळाकडे ऑनलाइन भरले जायचे.

खरी मेख नववीत आहे. तू नववीत होतीस २०१९-२० ला. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली आणि नववीचा निकाल प्रथम सत्र व अंतर्गत मूल्यमापनावर लावला गेला. म्हणजे तुझ्या दहावीच्या अर्ध्या गुणांमागे २०१९ च्या दिवाळीआधी लिहिलेले पेपर आहेत. वर्गात बसून, पर्यवेक्षकांसमोर. तेव्हा कोरोनाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. "परीक्षा न देता" म्हणणाऱ्या सरांना हे शांतपणे सांग.

पण याच नववीने काही मुलांचं नुकसानही केलं. आमच्या एका मुलीला त्या प्रथम सत्रात टायफॉइड झाला होता. दहावीला ती जिद्दीने उभी राहिली. घरात फोन एकच, तोही आईचा, त्यामुळे आई कामावरून आली की रात्री उत्तरपत्रिकेचे फोटो यायचे. पानावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा उमटायचा आणि मधल्या ओळी दिसायच्याच नाहीत. मी फोन करून त्या ओळी तिच्याकडून वाचून घ्यायचे. वर्गसमीकरण सोडवताना ती प्रत्येक पायरी बोलून दाखवायची, कुठेही अडखळायची नाही. ३० पैकी २७ पडले तिला. नववीचे मात्र ५० पैकी १९. नियमाप्रमाणे तेच भरायचे होते, मी भरले. ते तिच्या आजारपणाचे गुण होते, आणि तिच्या गुणपत्रिकेवर ते कायमचे गणिताच्या नावाने बसलेत. श्रेणीसुधारासाठी पुढच्या परीक्षांच्या दोन संधी होत्या, पण तोवर अकरावी सुरू झाली होती. ती परत बसली नाही.

कोथरूडडेपो
बाई, तुमच्या शाळेने प्रामाणिकपणे केलं असेल. पण अंतर्गतचे २० पैकी २० सर्रास वाटले गेले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ९९.९५ टक्के निकाल लागल्यावर कोण विश्वास ठेवणार? अकरावीच्या प्रवेशासाठीची सामाईक परीक्षा, म्हणजे सीईटी, व्हायलाच हवी होती.

गणिताच्या बाई, हडपसर
२० गुणांचं तुमचं म्हणणं मान्य. तिथे हात सैल सुटतो, आणि तो महामारी नसतानाही सुटतो. निकालाचं म्हणाल तर २०२० ला ९५.३० टक्के होता. २०२२ ला मुलांनी प्रत्यक्ष पेपर दिले, अभ्यासक्रम २५ टक्के कमी होता आणि केंद्र बहुतेकांना आपल्याच शाळेत, तेव्हा ९६.९४. उत्तीर्णांचा आकडा फुगला, पण लोक समजतात तेवढा नाही. अडचण आहे ती वरच्या गुणांची. एका शाळेचे ३० पैकी २७ आणि दुसरीचे २७ एका मापाचे नव्हते.

सीईटी २१ ऑगस्टला ठरली होती. प्रश्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर, म्हणून आयसीएसई या दुसऱ्या मंडळाच्या विद्यार्थिनीकडून न्यायालयात धाव घेतली गेली आणि १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मला ते योग्य वाटलं. वर्षभर शाळेत धड न गेलेल्या मुलांना दोन तासांत चार विषयांचे पर्याय रंगवायला लावून काय मोजणार होतो? आणि वरून माप लावणंही सोपं नसतं. इंग्लंडमध्ये २०२० ला शाळांच्या जुन्या निकालांवर आधारलेलं सूत्र शिक्षकांनी दिलेल्या ए-लेव्हलच्या (तिकडच्या बारावीच्या) ग्रेडना लावलं. जवळपास ४० टक्के ग्रेड खाली आले, मुलं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सूत्र मागे घ्यावं लागलं.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. पद्धत वर्ष संपल्यावर ठरली. जून २०२० मध्येच "परीक्षा झाली नाही तर या चाचण्या धरू" एवढं सांगितलं असतं, तरी मुलांनी त्या चाचण्या जीव लावून दिल्या असत्या आणि आम्हीही पहिल्या दिवसापासून नीट नोंदी ठेवल्या असत्या. कुठली चाचणी मोजली जाणार, हे मुलाला ती देण्याआधी कळायलाच हवं.

सिंहगडरोडकर
बाई, मनापासून आभार. नववीत माझं प्रथम सत्र चांगलं गेलं होतं, हे आत्ता आठवलं. पण मग बारावीचं आधी सांगू की दहावीचं?

गणिताच्या बाई, हडपसर
बारावीचं आधी. २०२३ ची परीक्षा पूर्ण अभ्यासक्रमावर, नेहमीसारखी केंद्रावर झाली, तिच्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. दहावीचं विचारलं तरच ३०-२०-५० सांग, दोन वाक्यांत. आणि नववीचं प्रगतिपुस्तक घरी असेल तर फाइलमध्ये ठेव. नसेल तर शाळेच्या कार्यालयात अर्ज कर, निकालपत्रकावरून उतारा मागता येतो.