‘ब्लॅक नार्सिसस’ : डोंगर खोटा चालतो, मग कांचीवरच आक्षेप का?

डोंगरवेडा :
सध्या जुने ब्रिटिश चित्रपट ओळीने पाहतोय. ‘ब्रीफ एन्काउंटर’ जवळचा वाटला, ‘द थर्ड मॅन’मधली झिदर या तंतुवाद्याची धून डोक्यातून जात नाही. पण भांडावंसं वाटतं ते एकाच चित्रपटासाठी : मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांचा १९४७ सालचा ‘ब्लॅक नार्सिसस’.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कलकत्त्याहून पाच नन्स हिमालयातल्या मोपू या जागी शाळा आणि दवाखाना काढायला जातात. राहायला मिळालेला वाडा एकेकाळी जनानखाना होता, भिंतींवर अजून तीच चित्रं आहेत. वारा अहोरात्र घोंघावतो. सिस्टर फिलिपा भाजीच्या वाफ्यांत फुलं लावून बसते, प्रमुख नन क्लोडाला आयर्लंडमधलं मोडलेलं प्रेम आठवू लागतं आणि सिस्टर रूथचा तोल जातो.

यातला एक फूटही हिमालयात चित्रित झालेला नाही. सगळं पाइनवुड स्टुडिओत, थोडं ससेक्समधल्या एका बागेत. दऱ्या म्हणजे काचेवर रंगवलेली चित्रं. शिखरं म्हणजे मोठे करून लावलेले कृष्णधवल फोटो, वरून रंगीत खडूचा हात फिरवलेला. तरीही कड्याच्या टोकावर घंटा वाजवणारी नन वरून दिसते तेव्हा, सह्याद्रीचे कडे भरपूर पाहिलेले असूनही, माझ्या पोटात गोळा येतो. जॅक कार्डिफच्या छायाचित्रणाला आणि आल्फ्रेड युंगेच्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

माझं म्हणणं असं की हा भारताबद्दलचा चित्रपटच नाही. तो गोऱ्यांच्या मनातल्या भारताबद्दल आहे, आणि तसं तो उघड सांगतो. तिथल्या राजघराण्यातला तरुण जनरल (साबू) रुमालाला अत्तर लावून वर्गात येतो, रूथ त्याला ‘ब्लॅक नार्सिसस’ म्हणू लागते. पूर्वेचा म्हणून जो सुगंध तिला छळतो, ते अत्तर आलेलं असतं लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून! चित्रपटाला नावही त्या अत्तराचंच दिलंय. याहून स्पष्ट काय सांगायचं?

शेवंती :
अत्तराचा मुद्दा मान्य. पण तुम्ही एवढं लिहिलंत आणि कांचीचा उल्लेखही नाही, तिथेच माझी गाडी अडते.

कांची ही डोंगरातली स्थानिक मुलगी, भूमिकेत सतरा-अठरा वर्षांची इंग्रज नटी जीन सिमन्स. अंगाला तपकिरी रंग, नाकात नथनी. तिला बोलायला जवळपास काहीच नाही. ती फळ चाखते, आरशात बघते, रिकाम्या दालनात नाचते आणि चाबकाचा मार खाते. नन्सना जे स्वतःत दाबून टाकायचंय ते सगळं या पोरीच्या अंगावर टाकलंय. क्लोडाला भूतकाळ आहे, रूथला संताप आहे, फिलिपालासुद्धा विसरायचं असलेलं काहीतरी आहे. कांचीला काय आहे? डोंगर खोटा आहे हे या चित्रपटाला पक्कं ठाऊक आहे. कांची खोटी आहे याचा त्याला पत्ताच नाही.

आणि ती एकटी नाही. वाड्याची आया म्हणजे मे हॅलट, थोरला जनरल म्हणजे एस्मंड नाइट, दोघंही इंग्रज. मोठ्या भूमिकांत भारतीय नट म्हणावा असा एकटा साबू.

सायंफेरी :
शेवंती, १९४६ साली लंडनजवळ सेट लावून बसलेल्या माणसाने नेपाळी मुलगी आणायची कुठून? तेव्हा रीतच ती होती. आजच्या फुटपट्टीने मोजलं तर त्या काळातलं काहीच हाती उरणार नाही.

शेवंती :
‘तेव्हाची रीत’ म्हणता, पण ती रीत संपली कधी? डेव्हिड लीनचा ‘अ पॅसेज टू इंडिया’ घ्या. त्यात प्रोफेसर गोडबोले आहेत, मूळ कादंबरीत फॉर्स्टरने दख्खनचा ब्राह्मण म्हणून लिहिलेले, आपल्या ओळखीच्या आडनावाचे. पडद्यावर कोण? रंग लावलेले अ‍ॅलेक गिनेस. साल १९८४. त्याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ आहेत. त्याच्या दोनच वर्षं आधी ‘गांधी’त रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या आणि बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार घेऊन आल्या. गोडबोल्यांसाठी पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर एकही नट मिळाला नसता, हे मला कुणी पटवून द्यावं. गिनेस फार मोठा नट होता, म्हणून तर ते जास्त लागतं.

लेस्टरची_जुई :
यात एक भर. ‘ब्लॅक नार्सिसस’ ज्या कादंबरीवर आहे (१९३९) तिची लेखिका रूमर गॉडन नारायणगंजला वाढलेली, आताच्या बांगलादेशात. तिला हा चित्रपट मुळीच आवडला नव्हता. पुढे तिच्याच ‘द रिव्हर’वर फ्रेंच दिग्दर्शक झां रेन्वारने चित्रपट केला (१९५१), तेव्हा पटकथेला ती स्वतः बसली आणि चित्रीकरण बंगालमध्येच झालं. जागा शोधायला तरुण सत्यजित राय मदतीला होते. म्हणजे अवघ्या चार वर्षांत दुसरी वाट सापडली. शोधणाऱ्याला सापडते.

डोंगरवेडा :
जुई, ‘द रिव्हर’ मलाही आवडतो. पण लेखिकेची नापसंती हा पुरावा धरता येत नाही. तिला खरा हिमालय हवा होता, पॉवेलला तो नकोच होता. वारा, रंग, उजेड सगळं मुठीत हवं म्हणून तो स्टुडिओत राहिला. शेवटाकडचा पाठलाग तर आधी संगीत रचून त्यावर चित्रित केलाय. हे डोंगरावर जमलं नसतं.

आणि शेवंती, गावकऱ्यांचं काय? आजारी मूल दगावतं आणि दुसऱ्या दिवसापासून दवाखाना ओस. कुणी दगड मारत नाही, जाब विचारत नाही, नुसते यायचे थांबतात. शेवटी नन्स उतरून जातात आणि मोपूचं काही अडत नाही. इंग्रज इथून गेले त्याच वर्षी एका इंग्रजी चित्रपटाने हे दाखवलं, त्याला काही किंमत द्याल की नाही?

शेवंती :
देते ना. रूथ लाल पोशाखात समोर बसून लिपस्टिक लावते, क्लोडा बायबल उघडते आणि मधे मेणबत्ती जळत राहते, तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. कॅथलीन बायरनचे डोळे तिथे जे करतात ते फार थोड्या नट्यांना जमलंय. चित्रपट टाकून द्या असं मी म्हटलेलंच नाही.

पण गावकरी यायचे थांबतात हेही आपल्याला नन्सच्या बाजूनेच कळतं. त्या रात्री गावात काय बोलणं झालं, मुलाच्या आईचं काय झालं, कॅमेरा तिकडे फिरकत नाही. ‘गोऱ्यांच्या मनातला भारत’ म्हणून तुम्ही याला माफ करता. मी त्याच कारणासाठी करत नाही.