‘डार्क साइड’: पन्नाशीचा बॉक्स घ्यायचा की नव्वदीतली सीडीच पुरे?

सप्तक (धागाकर्ता)

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च 1973 मध्ये आला आणि तेव्हापासून पुन्हा पुन्हा नव्या वेष्टनात येतोय. 1993 ला विशीचा, 2003 ला तिशीचा, 2011 ला ‘इमर्शन’ बॉक्स, 2016 ला नवी रेकॉर्ड, 2023 ला पन्नाशीचा बॉक्स. माझं मत असं, की दोन स्पीकरवर ऐकणाऱ्याने डग सॅक्स आणि जेम्स गथ्री यांनी 1992 मध्ये मास्टर केलेली (म्हणजे छापण्याआधी आवाजाचा शेवटचा तोल बसवलेली) सीडी घ्यावी आणि तिथेच थांबावं. ती आधी ‘शाइन ऑन’ संचात आली, 1994 पासून सुटी मिळू लागली (ब्रिटिश क्रमांक सीडीईएमडी 1064). जुन्या बाजारात सहज सापडते.

या अल्बममध्ये शांतता आणि उसळी यांतलं अंतर हाच जीव आहे. सुरुवातीचे हृदयाचे ठोके कान देऊन शोधावे लागतात, ‘टाइम’मधली घड्याळं दचकवतात. आवाज दाबून सपाट केला की पहिली हानी इथे होते. 2003 ची हायब्रिड एसएसीडी, म्हणजे रंगीत काचेच्या प्रिझमचं मुखपृष्ठ असलेली, याचं ठळक उदाहरण. त्या एकाच चकतीवर दोन थर आहेत, एक साध्या सीडीचा आणि एक एसएसीडीचा (सुपर ऑडिओ सीडी, तिला वेगळा प्लेअर लागतो), आणि सीडीचा थर एसएसीडीच्या स्टिरिओ थरापेक्षा जास्त दाबलेला आहे. ज्यांनी ती साध्या प्लेअरवर लावली, त्यांच्या वाट्याला दाबलेलाच थर आला. संगणकाचा ड्राइव्हसुद्धा एसएसीडीचा थर वाचत नाही.

पन्नाशीच्या बॉक्समध्ये सीडी, रेकॉर्ड, ब्लू-रे, डीव्हीडी, दोन सात-इंची सिंगल, 160 पानांचं छायाचित्रांचं पुस्तक आणि 1974 चा वेम्बलीचा कार्यक्रम आहे. वेम्बली 2011 च्या संचात आलेलाच होता. 1973 चं क्वाड मिक्स, म्हणजे चार स्पीकरसाठीची मांडणी, मात्र यात नाही. एवढ्या मोठ्या पेटीत ते नसावं याचा मला राग आहे.

चौफेर

सीडीवर थांबा हे अजिबात मान्य नाही. हा अल्बम दोन स्पीकरपुरता कधीच नव्हता. बँड तेव्हा प्रेक्षकांच्या चारही बाजूंना स्पीकर लावून वाजवत होता. ‘टाइम’मधली घड्याळं अ‍ॅलन पार्सन्स या ध्वनी-अभियंत्यांनी मुळात क्वाडच्या प्रात्यक्षिकासाठी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टेप केली होती. ते आवाज दोन स्पीकरमध्ये कोंबून ऐकायचे आणि वर मूळ रूप जपलं म्हणायचं, हे पटत नाही.

बॉक्स घेऊ नका, इथपर्यंत बरोबर. पण अ‍ॅटमॉसची (छतासकट सगळीकडून आवाज देणाऱ्या मांडणीची) ब्लू-रे ऑक्टोबर 2023 पासून सुटी मिळते, तिचा उल्लेखच तुम्ही केला नाही. गथ्री यांच्या अ‍ॅटमॉस मिक्समध्ये ‘ऑन द रन’ची पावलं खोलीभर फिरतात आणि मधले कीबोर्ड जागच्या जागी राहतात. स्टिरिओत हे दोन थर एकमेकांवर चढतात.

लावताना लोक हमखास चुकतात म्हणून लिहितो. प्लेअरच्या ध्वनी सेटिंगमध्ये आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ ठेवा (आवाज न उलगडता पुढे जातो), ‘पीसीएम’ नको (प्लेअरच तो उलगडतो). ‘सेकंडरी ऑडिओ’ बंद करा, नाहीतर प्लेअर मेनूचे आवाज मिसळण्यासाठी ट्रूएचडी, म्हणजे चकतीवरचा मूळ आवाज, उलगडतो आणि अ‍ॅटमॉसची माहिती गळते. मग रिसीव्हरच्या पडद्यावर ‘अ‍ॅटमॉस’ असा शब्द उमटतोय का ते बघा. नुसतं ‘मल्टिचॅनेल’ दिसलं तर काहीतरी चुकलंय. टीव्हीमार्गे साउंडबारला जोडणार असाल तर ईएआरसी (टीव्हीतून आवाज बाहेर नेणारी नवी एचडीएमआय जोडणी) लागतं, साध्या एआरसीतून ट्रूएचडी जात नाही. स्ट्रीमिंगवरचं अ‍ॅटमॉस घट्ट आवळलेलं असतं, त्यावरून ब्लू-रेबद्दल मत बनवू नका.

जुना टेप

@चौफेर, चार बाजूंचा मुद्दा खरा, पण मग पार्सन्स यांचं 1973 चं क्वाड ऐका. अ‍ॅटमॉस पन्नास वर्षांनी केलेलं काम आहे. क्वाडमध्ये ‘मनी’च्या सुरुवातीची नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याची घंटा एकेका कोपऱ्यातून येतात आणि सात मात्रांचं ते चक्र खोलीभोवती फिरतं. 2003 चं 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) मिक्स स्टिरिओच्या तोलाला जास्त धरून आहे. ज्याला मूळ काळातलं धाडस हवंय त्याला क्वाडच हवं.

ते अधिकृतपणे 2011 च्या ‘इमर्शन’ संचात डीव्हीडीवर मिळतं, शिवाय त्यात 1972 चं कच्चं मिक्सही आहे. त्या मिक्समधलं ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ ऐकाच. गायिका क्लेअर टॉरी यांचा आवाज त्यात नाही, त्या जागी अंतराळवीरांचं संभाषण आहे. पियानो तोच, पण गाण्याचं मर्म कुठून आलं ते तिथे उघडं पडतं. टॉरी यांनी 2004 मध्ये गाण्याच्या श्रेयासाठी दावा लावला, 2005 मध्ये तडजोड झाली आणि त्यापुढच्या आवृत्त्यांवर बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांच्याबरोबर संगीतकार म्हणून त्यांचं नाव आलं. जुन्या वेष्टनावर ते शोधून सापडणार नाही.

‘इमर्शन’ वापरलेला घेताना सहा चकत्या मोजा. गोट्या, स्कार्फ, कोस्टर गेले असतील तर जाऊ द्या, एखादी चकती नसेल तर घेऊ नका.

काळी तबकडी

तिघेही चांदीच्या चकत्यांवर बोलताय. अल्बम रचला गेला तो दोन बाजूंच्या रेकॉर्डसाठी. पहिली बाजू टॉरी यांच्या आवाजावर विझते, तुम्ही उठता, पालटता, आणि नाण्यांनी दुसरी सुरू होते. सीडीने ती मधली शांतता काढून घेतली.

माझी निवड 2003 ची 180 ग्रॅमची रेकॉर्ड, डग सॅक्स आणि केव्हिन ग्रे यांनी खाच कापलेली. ती न मिळाल्यास 2016 ची (पीएफआरएलपी 8), गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन यांची. 2016 चीच नवी मिळण्याची शक्यता जास्त आणि ती कमी प्रतीची नाही. 1973 ची पहिली ब्रिटिश प्रत, म्हणजे एसएचव्हीएल 804, लेबलवर भरीव निळा त्रिकोण, ही संग्राहकांची वस्तू झाली आहे. आवाजासाठी एवढी किंमत मोजायची गरज नाही.

मुंबईत चोरबाजारात कोलकात्याजवळ डमडमला छापलेल्या भारतीय प्रती दिसतात. घ्यायला हरकत नाही, पण त्यातल्या बऱ्याच जड सिरॅमिक पिकअपवर (जुन्या स्वस्त प्लेअरच्या सुईवर) वाजल्यात आणि खाच खरवडली गेली आहे. नुसतं चमक बघून कळत नाही. पहिल्या बाजूचा शेवट वाजवून बघा. आवाज चढतो तिथे खरखर चिकटून येत असेल तर धुऊन जाणार नाही.

सप्तक

@काळी तबकडी, तुमच्याच मुद्द्यावर बोट ठेवतो. रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ फेरे घेते. काठाजवळ सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम 21. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. आणि या अल्बमचा सगळ्यात उंच, सगळ्यात अवघड मानवी आवाज, टॉरी यांचा, नेमका तिथे, पहिल्या बाजूच्या शेवटी आहे. दुसऱ्या बाजूला ‘एक्लिप्स’चा कळसही तसाच लेबलाला टेकलेला. सीडीला हा प्रश्नच नाही.

काळी तबकडी

अडचण खरी आहे, पण तिला उपाय आहे. गोल टोकाची स्वस्त सुई आतल्या खाचांत मार खाते. मायक्रोलाइन (बारीक धारेचं) टोक घ्या, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निका व्हीएम95एमएल, खाचेवर सुईचं वजन 2 ग्रॅम. मग प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या पट्टीवर) कार्ट्रिज, म्हणजे सुईची डबी, 66 आणि 120.9 मिलिमीटरच्या दोन बिंदूंवर सरळ बसवा. बहुतेक जण फक्त वजन लावतात आणि हा भाग सोडतात, मग दोष रेकॉर्डला देतात.

नवी प्रत आली की दोन गोष्टी लगेच तपासा, परत करण्याची मुदत संपायच्या आत. ‘ग्रेट गिग’च्या सुरुवातीचा पियानो लावा आणि टोनआर्मकडे (सुई धरणाऱ्या दांड्याकडे) बघा. आर्म प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे डोलत असेल तर भोक मध्यावर नाही, लांबवलेले सूर हेलकावे खातील. दुसरं, दर 1.8 सेकंदांनी एका बाजूच्या स्पीकरमधून कापड फाटल्यासारखा आवाज आला तर छापताना प्लास्टिक खाचेत पूर्ण भरलेलं नाही. हे दोन्ही धुऊन किंवा वजन वाढवून जात नाही. परत करा.

आणि कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी कागदी आतलं पाकीट काढून पॉलिथिनचं घाला, कपाटात सिलिका जेल ठेवा. जाड पीव्हीसीची बाहेरची पाकिटं पावसाळ्यात रेकॉर्डवर धुकं सोडतात, ते पुसून निघत नाही.

टाचण

तुम्ही सगळे तुलना करताय, पण आवाजाची पातळी जुळवून करताय का? नंतरच्या मास्टरची सीडी थोडी जरी मोठी वाजली तरी कान तिलाच ‘खुलं’, ‘स्पष्ट’ म्हणतो. दोन्ही सीडी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने रिप करा (संगणकात उतरवा), फूबार या प्लेअरमध्ये ‘अस अँड देम’चा एकच 30 सेकंदांचा तुकडा निवडा, सरासरी पातळीतला फरक 0.2 डेसिबलच्या आत आणा, आणि मग एबीएक्स चाचणीत (तिसरा तुकडा दोन्हींपैकी कोणता ते ओळखायचं) नाव न बघता ऐका. सोळापैकी बारा वेळा ओळखता आलं तर फरक आहे असं म्हणू.

पहिल्या जपानी सीडीबद्दल (सीपी35-3017, काळ्या त्रिकोणाची) कोणी लिहिलं नाही. मला ती सर्वांत सरळ वाटते, नंतरच्या चवीचा हात तिला लागलेला नाही. मात्र त्या काळातल्या काही जपानी सीडींवर प्री-एम्फसिस आहे, म्हणजे वरच्या सुरांना मुद्दाम दिलेला चढ, जो प्लेअरने उतरवायचा असतो. सीडी प्लेअर खूण वाचून ते करतो. रिप करताना ती खूण हरवली की झांजा किंचाळतात, आणि लोक ‘जुनी सीडी कर्कश’ असं ठरवून टाकतात. सॉक्स या ध्वनी सॉफ्टवेअरमधला ‘डीएम्फ’ फिल्टर लावा, त्याने चढ उतरतो.

जुना टेप

@सप्तक, तुमच्या नव्वदीतल्या सीडीबद्दल एक राहिलं. ‘एक्लिप्स’ संपल्यावर ठोके विरत जातात, तिथे हेडफोनवर आवाज वाढवून ऐका. ठोक्यांच्या मागे अगदी पुसट वाद्यवृंद आहे, बीटल्सच्या ‘टिकट टू राइड’ची चाल. शांततेचा मुद्दा तुम्हीच काढलात म्हणून सांगतो.

सप्तक

ऐकलंय, आहे ते. त्या जागी माझी सीडी कमी पडते, मान्य. पण ती काही सेकंद आहेत आणि आवाज नेहमीच्या पातळीवर असेल तर कानी पडत नाहीत. 2003 च्या सीडी थरावरचा दाब ‘टाइम’च्या पहिल्या घड्याळापासून शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. माझी निवड बदलत नाही. @टाचण, काळा त्रिकोण आणि सीडीईएमडी 1064 पातळी जुळवून लावतो. ‘अस अँड देम’ऐवजी ‘टाइम’मधला घड्याळांनंतरचा ढोलांचा तुकडा घेऊ, दाब तिथे लवकर पकडता येतो.