प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा व्हेक्टर कोड लिहावा का?

धागाकर्ता, सातपूर:
द्राक्षांच्या प्रतवारी यंत्रासाठी आम्ही लिहिलेला प्रतिमा-प्रक्रियेचा व्हेक्टर कोड (एकाच सूचनेत अनेक संख्यांवर काम करणारा) एव्हीएक्स-२ या इंटेल-एएमडी प्रोसेसरांच्या सूचनासंचाच्या इंट्रिन्सिक्समध्ये, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचना वापरणाऱ्या फंक्शन्समध्ये, आहे आणि आता तोच आर्म बोर्डावरही चालवायचा आहे. एव्हीएक्स-२ चे रजिस्टर (प्रोसेसरमधील संख्या ठेवण्याची जागा) २५६ बिटांचे, आर्मच्या निऑन संचाचे १२८ बिटांचे. आर्मच्याच एसव्हीई संचामध्ये तर ही रुंदी १२८ ते २०४८ बिटांच्या दरम्यान वेगवेगळी असू शकते आणि ती चिप बनवणारा ठरवतो. २०२१ मध्ये मान्य झालेल्या रिस्क-व्ही या खुल्या प्रोसेसर-रचनेच्या व्हेक्टर विस्तारातही रुंदी कोडमध्ये गृहीत धरता येत नाही. अशा वेळी प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळी फाइल सांभाळणे म्हणजे प्रत्येक दुरुस्ती चार ठिकाणी करणे होय. म्हणून गूगलच्या हायवेसारखी, एकाच कोडमधून प्रत्येक प्रोसेसरच्या सूचना तयार करून देणारी लायब्ररी वापरून कोड एकदाच लिहावा, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर, अंबड:
मी सहमत नाही. बेरीज-गुणाकार सगळीकडे सारखेच असतात. अडचण त्यांच्यापलीकडे सुरू होते. इंटेल-एएमडीच्याच जुन्या एसएसई-२ संचामधील मूव्हमास्क ही सूचना सोळा बाइटांचे सर्वांत वरचे बिट एका फटक्यात सोळा बिटांच्या संख्येत गोळा करते, पण निऑनमध्ये तशी सूचनाच नाही. तिथे बाइटांच्या तुलनेचा निकाल चार बिटांनी सरकवत अरुंद करून ६४ बिटांची संख्या मिळवतात, ज्यात प्रत्येक बाइटासाठी चार बिट असतात. मूव्हमास्कची हुबेहूब नक्कल करायला गेल्यास आर्मवर जास्तीच्या सूचना खर्च होतात. म्हणजे इथे मांडणीच बदलावी लागते, आणि ते काम प्रोसेसर जाणणाऱ्या माणसानेच करावे.

धागाकर्ता:
आपले उदाहरण अचूक आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. आपल्याला मास्क (कोणते बाइट जुळले हे बिटांत दाखवणारी संख्या) हवा नसतो, ‘पहिला जुळणारा बाइट कुठे आहे’ याचे उत्तर हवे असते. हायवेमध्ये नेमकी हीच क्रिया उपलब्ध आहे आणि आर्मवर ती आपण सांगितलेल्या युक्तीनेच साधली जाते. सूचनेचे नाव घेऊन लिहिलेला कोड एका चिपशी बांधला जातो, हेतू सांगणारा बांधला जात नाही.

उत्तर, गंगापूर रोड:
एक मुद्दा राहून जातो आहे. दशांश संख्यांची बेरीज चार लेनमध्ये (व्हेक्टरच्या कप्प्यांत) केली आणि आठ लेनमध्ये केली, तर क्रम बदलल्यामुळे शेवटचे अंक वेगळे येऊ शकतात. प्रतवारीच्या सीमेवरचा घड मग एका यंत्रावर एका वर्गात आणि दुसऱ्यावर दुसऱ्या वर्गात जाईल. पिक्सेलच्या बेरजा पूर्णांकांतच ठेवाव्यात.

उत्तर, अंबड:
पूर्णांकांचा मुद्दा पूर्णपणे मान्य. हेतू सांगणाऱ्या क्रियेबाबतही मी विचार करीन, मात्र एकच कोड सगळीकडे वेगवान आहे हे प्रत्येक बोर्डावर मोजूनच ठरवता येईल. क्यूईएमयू या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये एसव्हीईची रुंदी बदलून उत्तर बरोबर येते का, एवढे तपासता येते. वेग तिथे कळत नाही. जिथे त्या प्रोसेसरसाठी हाताने लिहिलेला कोड लक्षणीय वेगवान निघेल, तिथे तो ठेवण्याचा आग्रह मी सोडणार नाही.