‘ग्रीनी’ स्टेजवर हवी की काचेच्या कपाटात?

जुनीतार: १९५९ची गिब्सन कंपनीची लेस पॉल, इलेक्ट्रिक गिटार. आधी फ्लीटवुड मॅक या बँडच्या पीटर ग्रीनकडे, म्हणून नाव ‘ग्रीनी’. मग गिटारवादक गॅरी मूरकडे, आणि २०१४पासून मेटॅलिका या बँडच्या कर्क हॅमेटकडे. हा गडी ती चक्क दौऱ्यावर नेतो! ट्रक, विमानं, घाम, स्टेजवर आगीचे लोळ. मला बघवत नाही. मानेची एकदा दुरुस्ती झालीय, पुन्हा पडली तर? गिब्सनने २०२३मध्ये तिची प्रतिकृती काढलीय. ती वाजवा की.

मधला_स्विच: उलटं करा. प्रतिकृती कपाटात ठेवा.
अहो, ग्रीनी ‘ग्रीनी’ झाली तीच खटाटोपामुळे. तारांचं कंपन पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारे दोन पिकअप तिच्यावर आहेत. ग्रीनने त्यातला मानेकडचा काढला आणि उलट्या तोंडाने बसवला. फोटोत बघा, त्याचे स्क्रू भलत्या बाजूला दिसतात. खरी गंमत मात्र आत, त्या पिकअपच्या चुंबकाची ध्रुवता उलटी, म्हणजे उत्तर-दक्षिण टोकं अदलाबदल. स्विच मध्ये ठेवून दोन्ही पिकअप चालू केले की त्यांचे सिग्नल एकमेकांना खातात. खालच्या सुरांचा भरणा गळतो आणि उरतो तो पोकळ, नाकातला, जरा दुखरा आवाज. ‘मूळ स्थितीत जपा’ म्हणणाऱ्याच्या हाती ती आधी लागली असती, तर आज आपण हा धागा काढला असता का?

जुनीतार: तेव्हा ती साधी सेकंडहँड गिटार होती हो. मूरने स्वतःची एसजी (गिब्सनचीच दुसरी गिटार) विकून आलेले पैसे ग्रीनला दिले आणि ही घेतली. शंभरेक पौंडांचा मामला. आजचा जीव वेगळा आहे.

खर्जातला: वाद्य वाजतं राहिलं तरच जिवंत राहतं. आमच्या घरचा मिरजेचा तंबोरा दोन वर्षं खोळीत होता, काढला तेव्हा बोलेचना.

जुनीतार: तो भोपळा, ही भरीव महोगनी. आवाज पिकअपचा. आठ वर्षं पेटीत राहिली तरी तारा बदला, सुरू.

मधला_स्विच: आठ वर्षं म्हणालात ते बरं झालं. २००६मध्ये मूरने ती विकली, तिथून हॅमेटकडे येईपर्यंत ती विक्रेते आणि संग्राहकांत फिरली. त्या काळातलं तिचं एक गाजलेलं रेकॉर्डिंग सांगा. मी थांबतो.
आणि हॅमेटने काय केलं? फेब्रुवारी २०२०, लंडनचं पॅलेडियम, ग्रीनच्या सन्मानार्थ मैफल. तिथे ग्रीनचंच गाणं त्याने ग्रीनच्याच गिटारीवर वाजवलं. ग्रीन तेव्हा हयात होता, जुलैत गेला.

खर्जातला: 🙏

जुनीतार: ते चित्रण मीही चारदा पाहिलंय, मान्य. पण विमानात ती शेजारच्या सीटवर बसते की खाली सामानात जाते, एवढं कोणीतरी सांगा. सामानात जात असेल तर माझं मत बदललेलं नाही.