वेर्णा हब: सकाळच्या अडीच तासांत ४५०० पार्सल, सॉर्टर कोणता बसवावा?

वेर्णा_हब

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत कुरिअरचं वितरण केंद्र आहे. शेड ३० मीटर लांब, १२ मीटर रुंद. रोजची सरासरी ४५०० पार्सल. भिवंडीची गाडी पहाटे पाचला लागते, बेळगावची सहाला. साडेआठला व्हॅन सुटायला हव्यात. रूट १८, पेडण्यापासून काणकोणपर्यंत. आता आठ माणसं पत्ता वाचून हाताने गोणीत टाकतात. चवथीच्या आधी माल दीडपट होतो आणि नेमकी तेव्हाच गावं पाठ असलेली माणसं रजेवर जातात.

सॉर्टरची, म्हणजे पार्सलं रूटप्रमाणे आपोआप वेगळी करणाऱ्या यंत्राची, दोन कोटेशनं आली आहेत. एकाने क्रॉस-बेल्टचा लूप (गोल फिरणारी छोट्या पट्ट्यांची साखळी) सुचवलाय. दुसऱ्याने सरळ रेषेतला व्हील सॉर्टर (वर येणारी चाकं पार्सल बाजूला वळवतात) दिलाय, तासाला ५४०० पार्सल म्हणतो. एवढ्या मालाला काय योग्य? पावसाळ्यात काय बिघडतं? आणि विक्रेते कोटेशनमध्ये काय लिहीत नाहीत?

कन्व्हेयरवाला_कुंडई

आधी सरासरी विसरा. सहा ते साडेआठ धरले तर तासाला १८००. पण चोर्ला किंवा अनमोड घाटात गाडी अडकून सातला आली, तर तोच माल दीड तासात काढायचा, म्हणजे तासाला ३०००. मशीन या आकड्यासाठी घ्यायचं असतं.

५४०० कुठून आले ते सांगतो. पट्ट्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर. पार्सल सरासरी ३५० मिलीमीटर लांब, मध्ये ४५० ची फट, म्हणजे दर ८०० मिलीमीटरला एक. १.२ भागिले ०.८, सेकंदाला दीड, तासाला ५४००. हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात एकही जागा रिकामी जात नाही, असं गृहीत धरलंय. पट्ट्यावर लेबल वर करून पार्सल ठेवणारा माणूस तासाला हजार, फार तर बाराशे ठेवतो. ५४०० साठी पाच जण लागतील आणि त्या पाचांचा माल एका रांगेत आणायला वेगळे मर्ज पट्टे. कोटेशनमध्ये ठेवायची जागा एकच दाखवली असेल, तर ते मशीन बाराशेचं आहे.

जागा बसते. व्हील सॉर्टरचा एक डायव्हर्टर, म्हणजे पार्सल वळवणारा चाकांचा संच, डावी-उजवीकडे दोन्ही बाजूंना वळवतो, म्हणून १८ रूटना ९. दीड मीटरला एक धरून साडेतेरा मीटर. पुढे ठेवण्याची जागा, फट पाडणारे दोन छोटे पट्टे आणि स्कॅनर मिळून आठ-नऊ मीटर, शेवटी रिजेक्ट, म्हणजे रूट न ठरलेला माल पडतो ती जागा. २४ मीटरमध्ये आटोपतं. पण बाजूला गोण्या आणि माणसाच्या वावराला प्रत्येकी अडीच मीटर सोडा. नकाशात ते नेहमी विसरलेलं असतं.

क्रॉस-बेल्ट उत्तम यंत्र आहे. प्रत्येक पार्सल स्वतःच्या छोट्या पट्ट्यावर बसतं, त्यामुळे पातळ पिशवीसुद्धा नीट उतरते. पण तो तासाला दहा हजार आणि वर, शे-दीडशे तोंडं (माल बाहेर पडायच्या जागा), अशा ठिकाणी शोभतो. तुमच्याकडे तो दिवसाचे एकवीस तास बंद राहील.

एक गोष्ट सांगा: खोके किती आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या किती? उत्तर त्यावर फिरेल.

कोड१२८

मशीन कोणतंही घ्या, लेबल वाचलं गेलं नाही तर सगळं रिजेक्टला जाणार. समजा ४५०० पैकी ३ टक्के वाचली गेली नाहीत, म्हणजे १३५ पार्सल. हाताने स्कॅन करून नंबर टाकायला प्रत्येकी १५ सेकंद धरले तर ३४ मिनिटं एक माणूस तिथेच अडकला.

सर्वांत जास्त नडतं ते पीडीएफ लेबल 'पानात बसवा' करून छापणं. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मिलीमीटर. बारकोडची सर्वांत बारीक रेघ पूर्ण ठिपक्यांतच हवी: २ ठिपके म्हणजे ०.२५, ३ ठिपके म्हणजे ०.३७५. पान ९३ टक्क्यांवर आकसलं की काही रेघा दोन ठिपक्यांच्या, काही तीनच्या होतात. डोळ्याला कोड स्वच्छ दिसतो आणि कॅमेरा नाकारतो. छापणाऱ्या विक्रेत्याला 'मूळ आकार, १०० टक्के' एवढंच सांगा.

दुसरं, कडेची कोरी जागा. कोड १२८ या प्रकारच्या बारकोडला दोन्ही बाजूंना बारीक रेघेच्या दहापट कोरी जागा लागते. १४ अंकी नंबर ०.३७५ ला छापला तर कोड ४२ मिलीमीटर, अधिक दोन्हीकडे पावणेचार, म्हणजे साडेएकोणपन्नास. ५० मिलीमीटरच्या लेबलात जेमतेम मावतो. पुढे इंग्रजी अक्षरं जोडली की प्रत्येकी चार-सव्वाचार मिलीमीटर वाढतात आणि कोड कडेला जातो.

तिसरं, कोडवरून चकचकीत चिकटपट्टी. दिव्याची तिरीप पडते आणि मधला पट्टा पांढरा दिसतो.

कॅमेऱ्याचं गणितही करून घ्या. ६०० मिलीमीटर रुंद पट्टा आणि ५ मेगापिक्सेलचा, २४४८ पिक्सेल रुंदीचा कॅमेरा: एक पिक्सेल ०.२४५ मिलीमीटर. बारीक रेघेला किमान दोन पिक्सेल हवेत, म्हणजे ०.३७५ चं लेबलसुद्धा बसत नाही. १२ मेगापिक्सेलला, ४०९६ रुंदीला, ०.१४६ पडतो. ०.३७५ वाचेल, ०.२५ ला तोही तोकडा. एक्स्पोजर, म्हणजे एक फोटो टिपायचा वेळ, १०० मायक्रोसेकंदांच्या आत ठेवा. १.२ मीटर वेगाला तेवढ्यातच ०.१२ मिलीमीटर फरपट होते. ते जमायला दिवे जबरदस्त लागतात.

आणि न वाचलेल्या प्रत्येक पार्सलचा फोटो साठवणारी सोय मागा. ती नसेल तर तीन टक्क्यांतले किती लेबलमुळे आणि किती उलटं ठेवल्यामुळे, हे कधीच कळत नाही.

वेर्णा_हब

आज मोजलं. ६० टक्के प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यांतल्या बऱ्याच १०० ग्रॅमच्या आत. बाकी खोके, २० किलोपर्यंत.

कन्व्हेयरवाला_कुंडई

मग चित्र बदललं. पिशव्या २७००, खोके १८००.

हलकी पिशवी व्हील सॉर्टरवर रडवते. चाकं वर येऊन फिरतात तेव्हा पार्सलचं वजन चाकावर बसायला हवं. ८० ग्रॅमची पिशवी चाकांवर तरंगते, अर्धी वळते आणि पुढच्या तोंडाशी तिरकी अडकते. तिचा मोकळा कोपरा दोन पट्ट्यांमधल्या फटीत ओढला जातो. पिशव्यांसाठी प्रकाशाचे खण लावा: फडताळावर १८ खण, हातस्कॅनरने पिशवी स्कॅन केली की ज्या खणाचा दिवा लागतो त्यात टाकायची, बटण दाबायचं. सरावलेला माणूस तासाला साधारण ४०० ते ५००. उशिरा आलेल्या गाडीच्या दिवशी तासाला १८०० पिशव्या, म्हणजे चार जण आणि चार फडताळं. खोके त्याच दिवशी तासाला १२००. त्याला छोटा व्हील सॉर्टर, ठेवणारे दोघं.

आता माणसं मोजा. खणांवर चार, खोके ठेवायला दोन, रिजेक्टला एक, १८ तोंडांच्या भरलेल्या गोण्या बदलायला दोन. नऊ झाले, आज आठ आहेत. पगार वाचेल म्हणून घेत असाल तर घेऊ नका. फायदा दुसरा आहे: गाव पाठ नसलेला मुलगा पहिल्याच दिवशी काम करतो. तुमची चवथीची अडचण तिथे सुटते.

हातस्कॅनर_म्हापसा

खणांपासून सुरुवात करा आणि एक हंगाम जाऊ द्या. खोक्यांसाठीही तोवर साधा सरळ पट्टा चालेल: सुरुवातीला एकाने स्कॅन करून खोक्यावर १ ते १८ चा मोठा आकडा चिकटवायचा, पुढची माणसं आकडा बघून ओढतील. पुढे व्हील सॉर्टर आलाच तर पट्टा तोच कामी येतो. वीज गेली तरी आकडा दिसतो, हा फायदा कुठल्याच कोटेशनमध्ये मिळणार नाही.

मेंटेनन्स_फोंडा

पावसाळ्याबद्दल.

डायव्हर्टर कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारे दाखवले असतील तर ते बदलून २४ व्होल्ट मोटरचे मागा. कारण पाणी. ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रतेत एक घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम पाणी असतं. तासाला ५० घनमीटर ओढणारा कॉम्प्रेसर तासाला सव्वा लिटरहून जास्त पाणी आत घेतो. बरंचसं टाकीत जमतं, उरलेलं पाइपमध्ये थंड होऊन व्हॉल्व्हमध्ये बसतं. मग ग्रीस धुतलं जातं, सिलिंडर जड होतो, डायव्हर्ट उशिरा होतो. हवेचंच घ्यायचं असेल तर ३ अंश दवबिंदूचा रेफ्रिजरेटेड ड्रायर (हवा थंड करून पाणी काढणारा), टाकीला आपोआप निचरा होणारा ड्रेन आणि पाइपला ड्रेनच्या दिशेने उतार. तिन्ही हवेत, दोन पुरत नाहीत.

विजेचं पॅनेल आयपी ५४ चं (धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचावाचा दर्जा), आत छोटा हीटर आणि थर्मोस्टॅट. मशीन दिवसाचे एकवीस तास बंद असणार, त्यामुळे ओल आतच बसते. हीटर सॉर्टर बंद असतानाही चालू राहील, अशी वेगळी लाइन द्या. बहुतेक जण तो सॉर्टरच्याच मेन स्विचमधून जोडतात आणि रात्री तोही बंद होतो.

पुठ्ठ्याचं खोकं दमट हवेत जवळपास निम्मी ताकद गमावतं. तळ खाली फुगतो आणि पट्टा संपून रोलर सुरू होतो त्या सांध्यावर आपटतो. सर्वांत छोट्या खोक्याखाली कुठल्याही क्षणी किमान तीन रोलर असले पाहिजेत, म्हणून रोलरमधलं अंतर खोक्यावरून ठरवा, कॅटलॉगवरून नको. घसरणीचा पत्रा कोरड्या दिवसांत २५-३० अंशाला चालतो, ओल्या पिशवीला ३५ लागतात.

चुकीच्या तोंडात पार्सल जायला लागली की आधी नमुना बघा. सगळ्याच तोंडांवर थोडा उशीर आणि पुढच्या तोंडांकडे तो वाढत जातो? मग एन्कोडरचं, म्हणजे पट्टा किती सरकला ते मोजणाऱ्या यंत्राचं, चाक पट्ट्यावर घसरतंय: धूळ आणि ओल मिळून त्यावर पातळ चिखल बसतो. पुसा आणि स्प्रिंगचा दाब तपासा. एकाच तोंडावर गडबड असेल तर एन्कोडरला हात लावू नका, त्या तोंडाची मोटर, व्हॉल्व्ह किंवा सेन्सर बघा. मधूनमधून कुठेही होत असेल तर पार्सलं चिकटून येत आहेत आणि दोन मिळून सेन्सरला एकच लांब पार्सल दिसतंय.

पिन_४०३

गोव्याचे सगळे पिन ४०३ ने सुरू होतात, म्हणून इथे पहिले तीन आकडे काहीच सांगत नाहीत. शेवटच्या तिनांवरच सगळं. पणजी ४०३००१, मडगाव ४०३६०१. एका आकड्याचा फरक, आणि पार्सल झुआरी नदीच्या पलीकडे. हाताने टाकणारा माणूस 'मडगाव' वाचून दुरुस्त करतो, मशीन करत नाही. तुमची चूक आजच्यापेक्षा वाढेल, जर माल गाडीत असतानाच पिन आणि गावाचं नाव पडताळलं नाही तर.

पडताळणीसाठी नावांची यादी स्वतः करावी लागते. ग्राहक काणकोणला कानाकोना लिहितो, केपेला क्वेपेम, पेडण्याला पेर्नेम. दोन्ही रूपं एकाच ओळीत बसवा. न जुळणारी पार्सल सकाळी रिजेक्टला पाठवू नका, आदल्या रात्रीच डेटा आला की कुणीतरी बसून निकाली काढा.

पिन म्हणजे रूट नव्हे. दिवाडी बेटाचं पार्सल जुने गोव्याच्या व्हॅनमध्ये पडलं की फेरीबोटीत त्या मुलाची सकाळ जाते. अशा ठिकाणी पिनच्या खाली गावाच्या नावावरून दुसरा नियम लागतो.

तांत्रिक बाजू: स्कॅनरपासून पहिला डायव्हर्टर अडीच मीटरवर असेल तर १.२ मीटर वेगाला जेमतेम दोन सेकंद मिळतात. रूट विचारायला मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरपर्यंत जाऊ नका. रात्री यादी शेडमधल्या संगणकावर उतरवा, तिथूनच उत्तर घ्या, अर्ध्या सेकंदात आलं नाही तर रिजेक्ट. इंटरनेट गेलं तरी सकाळ निभावते.

वेर्णा_हब

खणांपासून सुरुवात करतो, खोक्यांना पट्टा. व्हील सॉर्टरचं पुढच्या वर्षी बघू. तरी एक विचारतो: वीज मध्येच गेली तर पट्ट्यावरच्या मालाचं काय होतं? वेर्ण्यात पावसात झटका रोजचा.

कन्व्हेयरवाला_कुंडई

पीएलसी (मशीन चालवणारा नियंत्रक), संगणक, कॅमेरा आणि नेटवर्क स्विच ऑनलाइन यूपीएसवर (क्षणभरही वीज तुटू न देणारा). मोटर त्यावर टाकू नका, यूपीएस उगाच मोठा घ्यावा लागतो. झटका बसला की पट्टा थांबतो, पण थांबताना किती घसरला ते मोजण्यात थोडं चुकतं. म्हणून स्कॅनर आणि शेवटच्या तोंडामधला माल बेवारस समजायचा. पट्टा सुरू करताना तो सगळा रिजेक्टला जाऊ द्यायचा आणि पुन्हा सुरुवातीला ठेवायचा. घाईत ऑपरेटर नुसतं रीसेट दाबतो, आणि पंधरा-वीस पार्सलं एकेक तोंड पुढे-मागे पडतात. ती चूक दुपारी व्हॅनमध्ये कळते. रीसेटनंतर पट्टा रिकामा झाल्याशिवाय डायव्हर्टर चालूच होणार नाहीत, हे प्रोग्रॅममध्येच लिहून घ्या.

पुढच्या वर्षी ऑर्डर देताना चाचणी तुमच्या मालावर मागा. ५०० खोकी, त्यांत दमट, फुगलेली, पट्ट्या लोंबणारी सगळी, अर्धा तास सलग, ठरलेल्या वेगाने. चुकीच्या तोंडात हजारी एकापेक्षा जास्त नको, न वाचलेली दोन टक्क्यांच्या आत, हे आकडे ऑर्डरमध्येच. आणि शेवटचा हप्ता सप्टेंबर उलटल्यावर. एप्रिलमध्ये इथे सगळीच मशीनं छान चालतात.